चालू मजुरी म्हणजे कोणाची मजुरी?

कायद्यातील काही शब्द असे असतात, की ते कानावर पडताच न्याय झाल्याचा भास होतो. त्यांचा अर्थ विचारू लागले म्हणजे मग खरा वाद सुरू होतो. ‘चालू मजुरी’ किंवा ‘प्रचलित मजुरी’ हा त्यांतलाच एक शब्द आहे. परदेशातून मजूर आणावयाचा असेल, तर त्या गावी त्या कामाला जी मजुरी चालू असेल तिच्याहून कमी त्याला देता कामा नये, असा हा नियम. त्याचे हेतू दोन. परमुलखातून आलेल्या असहाय माणसाची पिळवणूक होऊ नये, हा एक. आणि त्याच्या स्वस्ताईमुळे घरच्या मजुराची भाकरी जाऊ नये, हा दुसरा. दोन्ही हेतूंविषयी कोणाचे दुमत होण्याचे कारण नाही. पण ही ‘चालू’ मजुरी ठरवावयाची कोणी? या एकाच प्रश्नाचा माग आज आम्ही अमेरिकेच्या रेल्वेच्या इतिहासात काढणार आहोत. रेल्वेच्याच इतिहासात अशासाठी, की तेथे हा नियम एकदा बऱ्यापैकी टिकला. तो का टिकला, हे समजले म्हणजे इतरत्र तो का ढासळला, हेही समजते.

प्रथम नियम नव्हता तेव्हाची स्थिती पाहू. अमेरिकेचे पूर्व व पश्चिम किनारे लोहमार्गाने जोडण्याचे काम 10 मे 1869 रोजी यूटामधील प्रोमॉन्टरी येथे पुरे झाले. त्यातील पश्चिमेकडचा भाग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने बांधला, आणि सिएरा नेवाडाचे कठीण डोंगर फोडले ते मुख्यतः चिनी मजुरांनी. त्यांची संख्या भरात असताना दहा हजारांहून अधिक होती. गोऱ्या मजुराला पगारावर कंपनीचे जेवण मिळे. चिनी मजुराने मात्र आपल्या पगारातून आपले पोट भरावयाचे. जून 1867 मध्ये या चिन्यांनी संप केला. पगार महिना 40 डॉलर करा, कामाचे तास कमी करा, एवढीच त्यांची मागणी. दंगा नाही, मारामारी नाही. माणसे आपापल्या तळावर स्वस्थ बसून राहिली. कंपनीने काय केले? डोंगरात जाणारी शिधासामग्री बंद केली. आठवडाभरात संप मोडला. ज्याच्या पोटाची किल्ली धन्याच्या हाती, त्याच्या मजुरीचा भावही धनीच ठरवितो, हा धडा त्या डोंगरात स्पष्टपणे मिळाला.

यावर अमेरिकेने जो उपाय काढला तो विलक्षण होता. मजुरी कमी मिळते म्हणून मजुरी वाढविण्याऐवजी, कमी मजुरीवर राबणाऱ्या माणसालाच दार बंद करण्यात आले. 1882 मध्ये चिनी मजुरांच्या प्रवेशबंदीचा कायदा झाला. 1885 मध्ये, आधी करार करून परदेशी मजूर आणण्यास मनाई करणारा दुसरा कायदा झाला. पण लोहमार्ग एकदा घालून भागत नाही. खडी बसते, लाकडी स्लीपर कुजतात, रूळ झिजतात. आपल्याकडे ज्यांना गँगमन म्हणतात तसल्या माणसांच्या टोळ्या बारा महिने लागतात. कामाची गरज राहिली. माणूस मात्र बदलला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून नैर्ऋत्येकडील रेल्वेवर मेक्सिकन मजूर दिसू लागला, आणि पाहता पाहता तेथील रूळांचे काम त्याच्याच खांद्यावर आले. पुढे 1929 नंतरची मंदी आली, तेव्हा याच मेक्सिकन लोकांना लाखांच्या संख्येने सीमेपलीकडे घालविण्यात आले. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे कायद्याने अमेरिकन नागरिक असलेली, मुलेही पुष्कळ होती.

हा इतिहास मेक्सिको विसरला नव्हता. म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला पुन्हा माणसांची गरज पडली, तेव्हा मेक्सिकोच्या सरकारने तोंडी आश्वासनावर माणसे पाठविण्याचे नाकारले. मेक्सिकोच्या 1917 च्या राज्यघटनेतील 123 वे कलम श्रमिकांच्या हक्कांविषयी आहे. परदेशी कामाला जाणाऱ्याचा करार अधिकाऱ्यासमोर व्हावा आणि त्याच्या परतीचा खर्च मालकाने सोसावा, असे त्यातच सांगितले आहे. त्या आधारावर ऑगस्ट 1942 मध्ये शेतमजुरांसाठी, आणि 29 एप्रिल 1943 रोजी रेल्वे मजुरांसाठी, दोन सरकारांमध्ये करार झाले. या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. बाहूंच्या बळावर पोट भरणारा, असा त्या स्पॅनिश शब्दाचा भाव आहे. करार लेखी, आणि तो मजुराच्या भाषेत. जाण्यायेण्याचा खर्च त्याच्यावर नाही. वर्णभेदाची वागणूक नाही. आणि मजुरी? तेच काम करणाऱ्या अमेरिकन मजुराला जी मिळते तीच.

आरंभी सहा हजार रेल्वे मजुरांची मंजुरी होती. दोन वर्षांत करारांची एकूण संख्या एक लाखाच्या वर गेली. सदर्न पॅसिफिक आणि सँटा फे या कंपन्यांनी त्यांतील फार मोठा वाटा उचलला. पूर्वी सेंट्रल पॅसिफिकने चिन्यांकडून बांधून घेतलेला तो मार्ग आता सदर्न पॅसिफिकच्या ताब्यात होता. त्याच रूळांवरून सैन्य, दारूगोळा आणि धान्य पॅसिफिक किनाऱ्याकडे धावत होते, आणि रूळ ठोकणारे हात पुन्हा परक्या मुलखाचेच होते.

येथे एक वाद उभा राहिला, आणि आमच्या मते तो या विषयाचा गाभा आहे. कंपन्या म्हणत, आम्हांला माणसे मिळत नाहीत. रूळ-कामगारांची संघटना उलट विचारी, मिळत नाहीत, की तुमच्या दराला मिळत नाहीत? आमची माणसे जहाजांच्या गोदीत आणि विमानांच्या कारखान्यांत गेली, कारण तेथे पैसे जास्त मिळतात. रेल्वेचा दर वाढवा, माणसे परत येतील. यातील खोच लक्षात घेण्यासारखी आहे. बाजारात जोंधळा कमी आला, तर भाव चढतो. मजूर कमी झाले, तर मजुरीही चढावयास हवी. ती चढण्याच्या ऐन वेळी बाहेरून हजारो माणसे आणून त्यांना ‘चालू दर’ दिला, तर कायद्याचे अक्षर पाळले गेले. पण जो दर उद्या वाढणार होता तो आजच्या जागी खिळून राहिला. चालू मजुरीचा नियम आजची मजुरी राखतो. उद्याची वाढ राखण्याचे बळ त्याच्या अंगी नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. युद्धकाळात वेतनवाढीवर सरकारचेच नियंत्रण होते; कंपनीने मनात आणले म्हणून दर वाढविता येत नव्हता. आणि आघाडीवरच्या शिपायाला काडतुसे पोहोचविणारी गाडी वाटाघाटी संपेपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. हे म्हणणे खोटे नव्हते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य असते तेव्हाच सरकारची खरी परीक्षा होते.

तरीही रेल्वेवर हा नियम बऱ्यापैकी टिकला, असे आम्ही आरंभी म्हटले. त्याचे कारण करारपत्रात शोधून सापडणार नाही. ते करारपत्राच्या बाहेर आहे. रेल्वेतील वेतनाचे दर 1926 च्या रेल्वे श्रम कायद्यानुसार कंपन्या आणि कामगार-संघटना यांच्या बोलण्यांतून ठरत व कागदावर लिहिले जात. डिसेंबर 1943 मध्ये याच वेतनाच्या वादातून संपाची वेळ आली, आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काही आठवड्यांसाठी रेल्वेच सरकारच्या ताब्यात घेतली. म्हणजे रूळ-मजुराचा चालू दर कोणता, हे ठरविताना समोरासमोर बसणारे दोन पक्ष होते. मेक्सिकन मजुराला जो दर लागू झाला तो या झटापटीतून निघालेला होता. ज्या संघटनेला तो नकोसा वाटत होता, तिच्याच लढ्याची सावली त्याच्या डोक्यावर होती. इतिहासात असे विचित्र उपकार पुष्कळ घडतात.

आता शेताकडे वळू. करार जवळपास तोच, शब्दही तेच. तासाला 30 सेंटपेक्षा कमी देऊ नये, अशी एक तळरेषाही आखलेली. पण शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदाच नव्हता. 1935 च्या श्रमसंबंध कायद्याने त्यांना वगळले होते, आणि 1938 च्या किमान वेतनाच्या कायद्यानेही. मग चालू मजुरी कोण ठरविणार? हंगामापूर्वी बागाईतदार एकत्र बसत, यंदा आपण अमुक देऊ असे ठरवीत, आणि तोच आकडा पुढे ‘चालू मजुरी’ म्हणून सरकारी दप्तरात जाई. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या स्थलांतरित मजूर आयोगाने 1951 मध्ये ही गोष्ट उजेडात आणली. मोजणारा, तोलणारा आणि विकत घेणारा एकच असेल, तर तागडी कोणत्या बाजूस झुकेल हे सांगावयास नको. एर्नेस्टो गलार्सा या कामगार-नेत्याने ही लबाडी वर्षानुवर्षे कागदोपत्री सिद्ध करून दाखविली. अखेर 1962 मध्ये सरकारने निराळी पद्धत आणली. परदेशी मजुरांमुळे स्थानिक मजुरी खाली ओढली गेली असेल, तर ती ओढ वजा करून राज्यागणिक किमान दर ठरवावयाचा. चालू मजुरी ही स्वतःच दबलेली असू शकते, याची ही सरकारी कबुलीच होती. पुढे 17 सप्टेंबर 1963 रोजी कॅलिफोर्नियातील चुआलार येथे शेतमजुरांना नेणाऱ्या वाहनाला रेल्वेची धडक बसून 32 जण मृत्युमुखी पडले. लोकमत खवळले, आणि 1964 अखेर ही योजना बंद झाली. रेल्वेची योजना मात्र त्यापूर्वीच, जपानची शरणागती येताच ऑगस्ट 1945 मध्ये, संपली होती. कंपन्यांना माणसे हवीच होती. संघटनेने ती राहू दिली नाहीत.

रेल्वेवर नियम टिकला, म्हणजे सारे आलबेल होते, असे मात्र समजू नये. पुष्कळांचे बिऱ्हाड जुन्या मालडब्यांत असे. एका मालकाशी करार बांधलेला. तो सोडून चांगले पैसे देणाऱ्या दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक नाही. स्थानिक मजूर दर आवडला नाही तर गोदीत गेला. पाहुण्याला तो रस्ता बंद होता. सारखा दर मिळूनही दोघांची ताकद सारखी नव्हती, ती या कारणाने.

आणि याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढेच आहे. मजुराच्या मिळकतीतून शेकडा 10 कापून बचत म्हणून मेक्सिकोतील बँकांकडे पाठविले जात. परत गेल्यावर ते त्याला मिळावयाचे. हेतू उत्तम. पण हजारो माणसांच्या हाती तो पैसा पडलाच नाही. अर्धशतक उलटल्यावर 2001 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा लागला. 2005 मध्ये मेक्सिकोने यासाठी निधी उभारला आणि एकरकमी 38,000 पेसो देण्याचे ठरविले. 2008 मध्ये अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी तडजोड झाली. तोवर किती म्हातारे वारले होते! उरलेल्यांकडे साठ वर्षांपूर्वीचे कागद मागण्यात आले. ज्याने तो चुरगळलेला करार ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवला त्याचे साधले. दर तासाचा भाव लिहून देणे सोपे. हातात किती पडले हे पाहणारा कोणी असावा लागतो.

हा सारा परक्यांचा इतिहास, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. 1990 च्या अमेरिकन कायद्याने, ठरावीक मुदतीच्या परवान्यावर कुशल माणूस आणणाऱ्या मालकावर अशी अट घातली, की आपल्या इतर माणसांना तो देतो ते वेतन किंवा चालू वेतन, यांपैकी जे अधिक असेल ते द्यावे. पुण्या-मुंबईचे किती इंजिनियर याच कलमाखाली तेथे गेले, हे या सभागृहातील घराघरांना ठाऊक आहे. 2004 च्या कायद्याने या चालू वेतनाच्या चार पायऱ्या सांगितल्या, आणि पुढे आकडे बसविताना खालच्या दोन पायऱ्या त्या कामाच्या मध्यम वेतनाच्याही खाली पडल्या. वाद पुन्हा तोच. कमतरता माणसांची, की त्या दराला येणाऱ्या माणसांची? आणि परवाना मालकाच्या हाती असताना, अन्याय झाला तर तक्रार करावयाची कोणी? रूळ ठोकणारा गेला, संगणकावर बसणारा आला. प्रश्नाचे वय मात्र वाढतच चालले आहे.

या इतिहासातून आम्ही घेतलेला बोध थोडक्यात सांगतो. चालू मजुरीचा नियम वाईट नाही. नसण्यापेक्षा असलेला पुष्कळ बरा. 1867 च्या चिनी मजुराला तो असता, तर निदान दोन वेळच्या जेवणाचा भेदभाव टळला असता. परंतु तो नियम आपल्या पायावर उभा राहू शकत नाही. दर ठरविताना मजुराच्या बाजूने बोलणारा कोणी बसलेला हवा, मालक बदलण्याची मोकळीक हवी, आणि ठरलेला पैसा हातात पडला की नाही हे तपासणारा अधिकारी हवा. या तिन्ही गोष्टी नसतील, तर ‘चालू मजुरी’ म्हणजे मालकाने चालविलेली मजुरी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ उरतो.