काला अंब आणि कुर्ल्याची फियाट

पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला अंब आहे. महाराष्ट्रातून येणारा माणूस इथे पोहोचला की आधी आंब्याचे झाड शोधतो. झाड नाही. ते कधीच वाळून गेले. त्या जागी विटांचा साधा स्तंभ आहे आणि त्यात लोखंडी दांडा. १४ जानेवारी १७६१ ला इथे इतके रक्त सांडले की आंब्याची फळे काळी पडली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका उरली, झाड गेले. दरवर्षी १४ जानेवारीला इथे शौर्य दिवस होतो. महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात. स्वतःला त्या रणातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानणारा हरियाणातला रोड समाजही येतो.

या भागात पोस्टिंग झाल्यावर पानिपतावर लिहा, असे अनेक वाचकांनी कळवले. लढाईवर बरेच लिहिले गेले आहे आणि जाणकारांनी लिहिले आहे. मी लिहिणार आहे ते याच परिसरात सापडलेल्या एका मराठी मुलुखातल्या वस्तूविषयी. तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट, सन १९७३, जन्मस्थान कुर्ला, मुंबई.

गाडी एका दिवंगत फौजी अधिकाऱ्याची. कुटुंबाने ती वीसेक वर्षे शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली होती. वापरायची नाही आणि भंगारात द्यायला मन होत नाही, अशा अवस्थेत आपल्याकडे किती वस्तू पडून असतात! मी ती विकत घेतली. पण तिची गोष्ट शेडमध्ये सुरू होत नाही. ती सोलापुरात सुरू होते.

वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. या माणसाने पारतंत्र्यात तीन गोष्टींचा ध्यास घेतला: जहाज, विमान आणि मोटार. १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. पुढे पहिला कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून आणि दुसरा हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून सरकारकडे आला. आज वायुदलाची आणि नौदलाची कामे तिथे होतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिसरे स्वप्न मोटारीचे. सर विश्वेश्वरय्यांनीही हिंदुस्थानात मोटार बनावी म्हणून खटपट केली होती. पण इंग्रज सरकारला इथे मोटारींचा कारखाना उभा राहावा असे वाटत नव्हते. युद्ध चालू असताना, मोटारींची सर्वांत जास्त गरज असतानाही सरकारने त्या योजनेला बळ दिले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

मग इटलीच्या फियाटशी संबंध आला. पन्नाशीच्या सुरुवातीला छोटी फियाट ५०० आली आणि १९५४ पासून फियाट ११००. तिच्या गोलमटोल आकारामुळे मुंबईकराने तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. त्यात प्रेमच जास्त होते. त्याच सुमारास सरकारने ठरवले की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना थारा नाही, ज्यांना इथे भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरलेल्यांत कलकत्त्याकडची अॅम्बॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट. पुढची तीन दशके मध्यमवर्गीय माणसाची मोटार म्हणजे या तिघींपैकी एक. तीही पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहिल्यावर. १९७२ मध्ये फियाटचे नाव गेले आणि गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली. १९७४ मध्ये तीच प्रीमियर पद्मिनी झाली. म्हणजे ‘प्रेसिडेंट’ हे नाव जेमतेम दोन वर्षे टिकले. नाव बदलले तरी लोक फियाटच म्हणत राहिले.

या गाडीची सर्वांत हृद्य गोष्ट इथून दीड-दोन तासांवर, दिल्लीत उभी आहे. पंतप्रधान झाल्यावर लालबहादूर शास्त्रींनी घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घ्यायचे ठरवले. किंमत १२,००० रुपये, बँकेत शिल्लक ७,०००. बाकीच्या ५,००० साठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढले. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी ते आपल्या कुटुंब निवृत्तिवेतनातून फेडले. ही हकिकत त्यांचे पुत्र अनिल शास्त्री यांनी सांगितली आहे. १९६५ च्या युद्धात देशाला ‘जय जवान, जय किसान’ देणाऱ्या माणसाची ती गाडी आज मोतीलाल नेहरू प्लेसवरच्या स्मारकात ठेवली आहे. दिल्लीत आलेल्या प्रत्येक माजी सैनिकाने ती पाहावी.

आता आमच्या गाडीकडे. फौजेत एक शिकवण पक्की असते: उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. एमटी पार्कमध्ये महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे वजन टायरवरून काढून ठोकळ्यांवर घेतात, बॅटरी काढतात, इंजिन ठरावीक दिवसांनी फिरवतात, आणि हे सगळे वहीत लिहिले जाते. घरगुती शेडमध्ये यातले काहीच होत नाही. त्यामुळे इतकी वर्षे पडून असलेल्या इंजिनाला चावी लावून ‘बघू या लागते का’ म्हणणे हा त्याचा खून आहे. सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरलेला असतो. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. जबरदस्तीने फिरवले तर रिंगा तुटतात आणि भिंतींवर चरे पडतात.

मिस्त्रींनी आधी चारही प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडले आणि गाडी आठवडाभर तशीच ठेवली. मग टॉप गिअर टाकून गाडी हाताने इंच-इंच ढकलली. तिसऱ्या दिवशी पंख्याचा पट्टा हलला. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे ते इंजिन फिरत होते. त्यानंतर पेट्रोलची टाकी उतरवली. आत पेट्रोलच्या जागी डांबरासारखा चिकट थर आणि गंजाच्या खपल्या. टाकी धुतली, कार्ब्युरेटर खोलून एकेक जेट साफ केला, रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळच्या रबराला ते सोसत नाही आणि इथेनॉल हवेतले पाणीही ओढते, म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा त्या जातीचेच घ्यावे लागतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आठही रबरे दगड झालेली. ब्रेकचे तेल पाणी शोषते, त्यामुळे आतले सिलिंडर गंजून जाम. इंजिन चालू करायची घाई सगळ्यांना असते. आम्ही आधी ब्रेक केले. थांबता येत नसेल तर चालण्यात अर्थ नाही.

सीटांचे काम पानिपतातच झाले, आणि ते योग्यही होते. जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे या शहरात येतात. ते फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून त्यांची स्वस्त कांबळी होतात. जुन्यातून नवे काढणे हा या गावाचा धंदाच आहे.

खरी लढाई मात्र कागदांची. पानिपत जिल्हा एनसीआरमध्ये मोडतो. दिल्ली आणि एनसीआरमध्ये १० वर्षांपुढची डिझेल आणि १५ वर्षांपुढची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको, असा हरित लवादाचा आदेश होता आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. म्हणजे ही गाडी इथे सरळ मार्गाने चालवण्याचा प्रश्नच नव्हता. वाट मोकळी झाली ती केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनी. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,०००. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिन मुळातले हवे, त्यांत मोठा फेरफार झालेला नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

या अटीमुळे एक प्रश्न आपोआप सुटला. ‘साहेब, मारुतीचे इंजिन बसवा, त्रास संपेल’ हा सल्ला मला निदान दहा जणांनी दिला. सल्ला व्यवहारी होता. पण मग उरते काय? कुर्ल्याचा पत्रा आणि आत दुसऱ्याचे काळीज. जे झिजण्यासाठीच केलेले असते, म्हणजे रबर, पट्टे, तेल, टायर, ते बेलाशक बदलावे. ज्यामुळे ती वस्तू ‘ती’ आहे, ते सांभाळावे. दोन्हींतला फरक ओळखणे हेच जतनाचे शास्त्र.

इतिहासालाही हे लागू आहे. खडकवासल्याला शिकत असताना पानिपत म्हणजे नकाशावरचे बाण होते: इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, विश्वासराव पडल्यावरचा गोंधळ. इथे राहून, गाड्या आणि रसद यांचा हिशेब रोज मांडताना वेगळेच दिसते. भाऊसाहेबांचे सैन्य नोव्हेंबर १७६० पासून इथे अडकले होते, सोबत बिनलढाऊ माणसांचा प्रचंड लवाजमा. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही संपली. जानेवारीत सैन्य रणात उतरले ते उपाशी माणसे आणि खंगलेली जनावरे घेऊन. शौर्य कमी पडले नाही, पुरवठा कमी पडला. काळ्या आंब्याची आख्यायिका हा वरचा रंग. तो सुंदर आहे, पण त्याखाली काय गंजले होते ते खरवडून पाहिलेच पाहिजे.

आणि हेही सांगितले पाहिजे की ते यंत्र तिथेच बंद पडले नाही. याच रणातून जखमी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांच्या काळात, दहाच वर्षांत, १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत आले आणि जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम त्यांच्या आधाराने आपल्या राजधानीत परतला. माधवराव पेशव्यांनी दहा वर्षे चिकाटीने एकेक भाग जुळवला, म्हणून हे घडले. पराभवाची आठवण आपण जितकी जपतो, तितकी या दुरुस्तीची जपत नाही.

मुंबईत शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. सुटे भाग अजून मिळतात. पण पॉइंटची फट कार्ड घालून बिनचूक लावणारे, आवाजावरून टायमिंग ओळखणारे मिस्त्री साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात आहेत. भाग संपायच्या आधी हात संपतील.

म्हणून माजी सैनिक वाचकांना एक विनंती. साताऱ्यात, कोल्हापुरात, नगरमध्ये तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यात अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली असेल, तर आधी तिचे आरसी बुक शोधा. मालक हयात नसेल तर नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करून घ्या. विक्रीचे २९ आणि ३० नंबरचे नमुने त्यानंतर. चावी लावू नका. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलवा, आणि तो काम करत असताना एखाद्या तरुण पोराला त्याच्या शेजारी उभे करा.