पाचशे एक्कावन्नचे वंशज

वेब-अनुप्रयोगातील कंट्रोलर आपल्याकडे आलेल्या विनंतीचा निकाल मुख्यतः दोन रीतींनी लावतो: एक तर जागच्या जागी पान रचून ते ब्राउझरच्या हवाली करतो, ज्याला रेंडर म्हणतात, किंवा नवा पत्ता देऊन ब्राउझरलाच तिकडे धाडतो, ज्याला रीडायरेक्ट म्हणतात. कंट्रोलर हा शब्द ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ च्या सुमारास झेरॉक्स पार्क येथे मांडलेल्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर रचनेतून आला, म्हणून हे द्वैतही तेथलेच असावे असा समज सहज होतो. परंतु तो मूळ कंट्रोलर कळफलक आणि माउस यांचे इशारे टिपणारा होता, आणि समोर बसलेल्या माणसाला दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी येतच नसे.

माझ्या मते हे घराणे टपालाचे आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केलेल्या आरएफसी ८२१ या ई-मेलच्या नियमपत्रात, पत्रावरचा पत्ता चुकला आहे पण बरोबर पत्ता सर्व्हरला ठाऊक आहे, अशा प्रसंगासाठी दोन उत्तरे नेमून दिलेली आहेत. २५१ म्हणजे पत्र स्वीकारले, पुढे पोहोचवण्याचे आम्ही पाहतो. ५५१ म्हणजे पत्र घेत नाही, हा घ्या पत्ता, तुम्हीच तिकडे न्या. चुकीच्या कचेरीत दाखल झालेला अर्ज कारकुनाने स्वतःच योग्य दप्तरी रवाना करावा, की अर्जदाराच्या हाती परत देऊन त्याला पुढची कचेरी दाखवावी, हाच तो पेच. आणि जावाच्या सर्व्हलेटमधील फॉरवर्ड (विनंती सर्व्हरच्या आतल्या आत पुढे सोपवणे) व सेंडरीडायरेक्ट (ब्राउझरला नवा पत्ता देणे) ही जोडी म्हणजे त्याच पेचाची नवी आवृत्ती होय.

यावर प्रतिपक्ष असा, की या जोडीच्या उगमाचा मान १९९३ च्या सीजीआयचा, म्हणजे वेब-सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवण्याच्या व्यवस्थेचा आहे, कारण एनसीएसएच्या त्या व्यवस्थेत प्रोग्रामने स्थानिक मार्ग लिहून दिला तर सर्व्हर आतल्या आत दुसरे पान आणीत असे, आणि पूर्ण यूआरएल लिहून दिला तर ब्राउझरला रीडायरेक्ट पाठवीत असे. हे खरेच आहे; पण तोवर टपालातील जोडी अकरा वर्षांची झाली होती. उत्तराचा वर्ग पहिल्या अंकावरून ठरतो; ५५१ हा आकडा अपयशाच्या वर्गातला आणि वेबवर रीडायरेक्टसाठी वापरला जाणारा ३०२ मात्र तिसऱ्या वर्गातला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला माझे उत्तर असे, की एफटीपी आणि ई-मेल यांत ३ ने आरंभ होणारी उत्तरे 'काम अर्धे झाले, उरलेले तुमच्याकडून हवे' एवढेच सांगतात. एफटीपीचे ३३१ नाव मान्य करून परवलीचा शब्द मागते. वेबने ५५१ चे काम उचलले आणि ते या वर्गात आणून बसवले.

या नात्याची खूण मला वेबच्या एका जुन्या गोंधळात दिसते. ५५१ मध्ये पत्ता बदलला तरी पत्र तेच राहते. ३०२ चा हेतूही हाच होता, की पोस्टने, म्हणजे मजकूर सोपवण्याच्या वेब-पद्धतीने, निघालेला फॉर्म नव्या पत्त्यावर पोस्टनेच, मजकुरासह जावा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९२ च्या एचटीटीपी मसुद्यात पद्धत बदलण्याची मुभा देणारे 'मेथड' नावाचे ३०३ वेगळे होते. मे १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या नियमपत्रात मात्र ३०२ नंतर एकदम ३०४ येते, आणि काही ब्राउझर ३०२ मिळताच पोस्टचे गेट, म्हणजे केवळ वाचनाची विनंती, करतात, अशी तक्रारही त्याच दस्तऐवजात नोंदलेली आहे. हा निव्वळ ब्राउझरांचा प्रमाद होता असे मला वाटत नाही: फॉर्म नोंदवून झाल्यावर वापरणाऱ्याला केवळ पुढचे पान दाखवावे, अशी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची नित्याची गरज होती, तिच्यासाठीचा आकडा यादीतून उडाला होता, आणि त्याचे काम ३०२ च्या गळ्यात पडले. जानेवारी १९९७ मध्ये ३०३ 'सी अदर' या नावाने परतले, १९९९ मध्ये ३०२ चे मूळ कर्तव्य ३०७ कडे सोपवण्यात आले, आणि २०१४ च्या आरएफसी ७२३१ ने झालेला अतिक्रम ऐतिहासिक कारणास्तव कायम केला.

याच अतिक्रमावर आजच्या कंट्रोलरचा शिरस्ता उभा आहे. रेल्स या वेब-चौकटीत नोंद फसली तर फॉर्म रेंडर करतात, कारण भरलेला मजकूर त्याच विनंतीच्या स्मृतीत असतो. नोंद साधली तर रीडायरेक्ट करतात, म्हणजे पान पुन्हा लोड केले तरी केवळ वाचन घडते, मागणी दुसऱ्यांदा नोंदली जात नाही. टपालातला प्रेषक पत्र घेऊन पुढे जाई. येथे ब्राउझर रिकाम्या हाताने जातो, म्हणूनच 'नोंद झाली' एवढा निरोपदेखील सेशनमधील फ्लॅशमध्ये पुढच्या विनंतीपर्यंत जपून ठेवावा लागतो. रेल्सची रीडायरेक्टची आज्ञा वेगळे काही न सांगितल्यास आजही ३०२ च पाठवते. रेल्ससोबत येणारे टर्बो हे ब्राउझरमधील साधन मात्र फॉर्मनंतर ३०३ ची अपेक्षा धरते, आणि १९९२ च्या मसुद्याने आखलेली वाटणी अशा रीतीने पुन्हा अमलात येऊ लागली आहे.