खर्जाचे ओझे : बेस गिटारचा जन्म का झाला?

१/
वाद्यवृंदातील सर्वांत मोठे वाद्य जो वाहून आणतो, त्याचाच आवाज सर्वांत कमी ऐकू येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील प्रत्येक नृत्यगृहात ही विसंगती रोज रात्री घडत होती. बेस गिटार या वाद्याचा इतिहास म्हणजे ती दूर करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास. वरकरणी तो संगीताचा इतिहास वाटतो, पण त्याच्या मुळाशी हमाली, प्रवास आणि पोट आहे.

२/
मूळ वाद्य डबल बेस. उंची सुमारे सहा फूट, म्हणजे वाजवणाऱ्या माणसाइतकी किंवा त्याहून अधिक. चार तारा, आणि त्यांना ताणून धरणारा पातळ लाकडाचा प्रचंड पोकळ देह. तो धक्क्याने तडकतो, हवेतील ओलाव्याने फुगतो आणि कोरड्या थंडीत आकसतो. मोटारीत तो ठेवला की इतर माणसांना जागा उरत नाही. बसमध्ये त्याला एक अख्खी बैठक द्यावी लागते, नाही तर टपावर चढवावे लागते.

३/
इतका मोठा देह असून आवाज का पुरत नाही? डबल बेसच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१. हवेतील तिच्या लहरीची लांबी आठ मीटरहून अधिक भरते. एवढी लांब लहर जोमाने हलवायला सहा फुटांचे खोकेही अपुरे पडते. शिवाय मानवी कान मध्यम स्वरांना तीक्ष्ण आणि खर्जाला मंद असतो. खर्ज तितकाच मोठा भासावा यासाठी कितीतरी अधिक ऊर्जा लागते.

४/
म्हणूनच १९२० च्या दशकात अनेक वाद्यवृंदांत खर्जाची बाजू ट्यूबा हे पितळी वाद्य सांभाळत असे. जे डबल बेस वाजवत, त्यांनी तार ओढून लाकडी पट्टीवर आपटण्याची रीत रूढ केली. न्यू ऑर्लिन्सचा पॉप्स फॉस्टर हा त्या रीतीचा नामवंत वादक. आज ती शैली म्हणून ओळखली जाते, पण तिला बळ मिळाले ते ड्रम आणि तुताऱ्यांच्या कल्लोळात ऐकू जाण्याच्या गरजेतून.

५/
या गरजेवर विजेचा उपाय शोधणाऱ्या पहिल्या लोकांत सिएटलचे पॉल टटमार्क येतात. ते स्वतः वादक आणि वाद्यवृंदाचे चालक होते. त्यांचे पुत्र बड टटमार्क यांनी पुढे सांगितलेली आठवण बोलकी आहे. बाकीचे वादक एका मोटारीत हसत-खेळत जात. बेसवाला मात्र आपल्या वाद्यासह वेगळ्या मोटारीत एकटाच, कारण त्याच्या गाडीत दुसऱ्या कोणाला जागाच नसे. त्या एकटेपणाची कणव आली, म्हणून टटमार्क कामाला लागले.

६/
१९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या ऑडिओव्हॉक्स कंपनीने ‘७३६’ या क्रमांकाचे वाद्य काढले. भरीव लाकडाचा देह, गळ्यावर पडदे (फ्रेट), तारांखाली चुंबकीय पिकअप, आणि गिटारसारखे आडवे धरून वाजवण्याची सोय. बेस गिटारची सगळी लक्षणे त्यात होती. तरीही ते सिएटलच्या परिसराबाहेर फारसे पोहोचले नाही. कल्पना आली होती, बाजारपेठ यायची होती.

७/
दुसरा मार्ग होता जुन्या डबल बेसलाच वीज जोडण्याचा. एव्हरेट हल या बेसवादकाने १९४० च्या दशकात वाद्याच्या तळाशी असलेल्या आधारखुंटीत पिकअप बसवला. खुंटीला इंग्रजीत ‘पेग’ म्हणतात. ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’चे संक्षिप्त रूप म्हणजे अ‍ॅम्पेग, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कंपनीचे नाव. पण एक अडचण राहिली. आवाज वाढवला की स्पीकरचा नाद वाद्याच्या पोकळ पोटात शिरे, तेथून पुन्हा पिकअपमध्ये जाई आणि सभागृहभर घोंघाट माजे.

८/
आता कॅलिफोर्नियातील फुलर्टन. लिओ फेंडर (१९०९–१९९१) यांना गिटार वाजवता येत नसे. १९३८ मध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. वादक नादुरुस्त अ‍ॅम्प घेऊन येत आणि जाता जाता आपली गाऱ्हाणी सांगत. फेंडर ऐकत. त्यांच्या वाद्यांचा आराखडा या गाऱ्हाण्यांतून घडला. भाग सहज बदलता यावा, गळा चार स्क्रूंनी सुटा व्हावा, वाद्य रात्रीच्या कामाला टिकावे, हा त्यांचा दंडक होता.

९/
१९५१ च्या अखेरीस त्यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्यांच्या टेलिकास्टर गिटारच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच, डबल बेसची साधारण बेचाळीस. फेंडर मध्ये थांबले : चौतीस इंच. बोटे पोहोचतील इतकी आखूड, तरी खर्जाची तार सैल पडणार नाही इतकी लांब. आज जगातील बहुसंख्य बेस गिटार याच मापाचे आहेत. चार तारांचे स्वरही त्यांनी डबल बेसचेच ठेवले, जेणेकरून जुने ज्ञान वाया जाऊ नये.

१०/
देह भरीव ठेवल्याने घोंघाटाचा प्रश्न मिटला. लांब गळ्याच्या भाराने वाद्य खाली झुकू नये, म्हणून देहाचे वरचे शिंग पुढे काढले. तोच आकार पुढे १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारने घेतला. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकता, आणि हे नाव पडद्यांमुळे पडले. डबल बेसवर पडदे नसतात. स्वर नेमका कोठे आहे, हे हाताला वर्षानुवर्षे शिकवावे लागते. येथे बोट पडद्यामागे ठेवले की स्वर जागेवर.

११/
या अचूकतेचा अर्थ बेसवादकांना पुरता कळला असावा. आता कोणताही गिटारवादक थोड्या सरावाने बेस वाजवू शकणार होता. लहान वाद्यवृंदाच्या चालकाला दोन कामे करणारा एकच माणूस मिळाला, तर त्याची एक बिदागी वाचे. म्हणजे ज्या शोधाने बेसवाल्याच्या पाठीवरचे ओझे उतरले, त्यानेच त्याच्या जागेवर दुसरे उमेदवारही आणून उभे केले. यंत्रांच्या इतिहासात असे वारंवार घडते.

१२/
भरीव वाद्य विजेवाचून मुके असते. म्हणून १९५२ मध्ये फेंडरने त्याला जोड दिली : बासमन अ‍ॅम्प, पंधरा इंची एका स्पीकरचा. येथून बेसवादकाच्या जगात एक नवा नियम आला. वाद्य म्हणजे निम्मेच वाद्य, उरलेले निम्मे अ‍ॅम्पच्या खोक्यात असते. पाठीवरचे ओझे नाहीसे झाले नाही, त्याने केवळ जागा बदलली.

१३/
नव्या वाद्याला मोठे व्यासपीठ मिळाले ते लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात. त्यांचे बेसवादक रॉय जॉन्सन यांनी ते हाती घेतले. ‘डाउनबीट’ नियतकालिकाने जुलै १९५२ मध्ये त्याची दखल घेतली. त्या लेखाच्या शीर्षकातच बेसवादकांचे ओझे हलके होण्याची भाषा होती, हे लक्षणीय आहे. त्यानंतर तेथे आलेले मंक मंटगोमरी हे वाद्य घेऊन १९५३ मध्ये युरोपभर फिरले.

१४/
सर्वांनी त्याचे स्वागत केले, असे मात्र नाही. एल्व्हिस प्रेस्लीचा बेसवादक बिल ब्लॅक आरंभीच्या दिवसांत डबल बेस मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव हिंडला होता. अशा माणसाला नवे वाद्य वरदान वाटावे. पण १९५७ मध्ये ‘जेलहाउस रॉक’ चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात एका गाण्याची सुरुवात नव्या बेसवर साधेना, तेव्हा तो वैतागून वाद्य टाकून निघून गेला आणि ते एल्व्हिसनेच उचलून वाजवले, असे सांगतात. हलके वाद्य म्हणजे सोपे वाद्य नव्हे.

१५/
त्याच १९५७ मध्ये फेंडरने पिकअपचे दोन तुकडे केले. दोन-दोन तारांसाठी एकेक वेटोळे, दोहोंचे चुंबक आणि गुंडाळणी परस्परविरुद्ध. त्यामुळे विजेच्या जोडणीतून येणारी गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत उलट-सुलट उमटते आणि एकमेकींना रद्द करते, तारांचा नाद मात्र शाबूत राहतो. दिव्यांच्या आणि जुनाट वायरिंगच्या गजबजाटात वाजवणाऱ्यांना या छोट्या बदलाचे मोल आजही कळते.

१६/
या वाद्यातून कलावंत घडले. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन मूळचे डबल बेसवादक. उजव्या हाताच्या एकाच बोटाने ते वाजवत, तारा तुटेपर्यंत बदलत नसत आणि ध्वनिमुद्रणात वाद्य बहुधा थेट यंत्राला जोडत. कॅरल के या गिटारवादक. १९६३ मध्ये हॉलीवूडच्या एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही, तेव्हा त्यांनी बेस हाती घेतला. तीन-चार गिटार वाहण्यापेक्षा एकच वाद्य आणणे त्यांना सोयीचे वाटले. ओझ्याचा हिशेब येथेही सुटलेला नाही.

१७/
ब्रिटनमध्ये हिशेब पैशांचाही होता. अमेरिकी फेंडर तेथील पोरांच्या आवाक्याबाहेर. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला जर्मन बनावटीचा हॉफ्नर घेतला, सुमारे ३० पौंडांना. व्हायोलिनसारखा सममित असल्याने डाव्या हाताने उलटा धरला तरी तो विचित्र दिसत नसे, आणि पोकळ असल्याने वजनाला अगदी हलका. त्याचा स्पीकर लिव्हरपूलच्या एड्रियन बार्बर या वादकाने घरगुती रीतीने बांधला होता. आकारामुळे त्याला ‘शवपेटी’ म्हणत.

१८/
बिल वायमनने १९६१ मध्ये एका स्वस्त बेसचे झिजलेले पडदे नवे घालण्यासाठी उपटले, आणि पडद्यांविना येणारा नाद आवडल्याने तो तसाच ठेवला. १९६२ च्या डिसेंबरात तो रोलिंग स्टोन्समध्ये दाखल झाला. त्या वेळी त्याच्या वादनाहून त्याच्याजवळच्या चांगल्या अ‍ॅम्पने इतरांवर अधिक छाप पाडली, ही हकीकत वारंवार सांगितली जाते. ज्याच्याकडे साधन, त्याला स्थान. हौशी वाद्यवृंदांचा हा नियम जुनाच आहे.

१९/
मग सभागृहांची मैदाने झाली. ऑगस्ट १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे बीटल्सचे शंभर वॅटचे अ‍ॅम्प दुबळे ठरले. १९६९ मध्ये अ‍ॅम्पेगने तीनशे वॅटचा एसव्हीटी काढला. त्याचे दहा इंची आठ स्पीकरचे कपाट एकट्याने उचलणे कठीण. चार किलोंच्या आसपासच्या वाद्यामागे आता कपाटभर यंत्रे उभी राहिली. डबल बेस परवडला असता, असे एखाद्या वादकाच्या मनात आले असेल, तर नवल नाही.

२०/
यामागे निसर्गाचा एक कठोर व्यवहार आहे. ध्वनितंत्रज्ञ अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो : खोल खर्ज, कमी विजेत मोठा आवाज आणि लहान खोके, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्याही दोन निवडाव्यात, तिसरी सोडावी. १९६० मध्ये आलेला अ‍ॅम्पेगचा बी-१५ हा या व्यवहारातील शहाणा तडजोडकार. त्याचा अ‍ॅम्प प्रवासात उलटा होऊन खोक्याच्या पोटात बसे. लहान खोलीत त्याचा आवाज गोड, मोठ्या मैदानात अपुरा.

२१/
आजची साधने त्याच तिढ्याची नवी उत्तरे आहेत. जड ट्रान्सफॉर्मरची जागा ‘क्लास डी’ अ‍ॅम्पच्या हलक्या मंडलांनी घेतली, अवजड चुंबकांची जागा निओडिमियमने. आता शेकडो वॅटचा अ‍ॅम्प खांद्यावरच्या पिशवीत मावतो. मोठ्या कार्यक्रमांत वाद्याचा संदेश ‘डीआय’ पेटीतून थेट सभागृहाच्या ध्वनियंत्रणेकडे जातो. अशा वेळी व्यासपीठावरचा अ‍ॅम्प बव्हंशी वादकाला आणि त्याच्या सोबत्यांना ऐकू यावे एवढ्यासाठीच उरतो.

२२/
म्हणून पहिल्या कार्यक्रमाला निघालेल्या हौशी बेसवादकाचे प्रश्न क्षुल्लक नाहीत. जागा किती मोठी? ध्वनियंत्रणा खर्ज पेलेल का? ड्रमच्या शेजारी आपल्याला आपला स्वर ऐकू येईल का? सामान एका खेपेत, जिन्यावरून, एकट्याने नेता येईल का? जास्तीची केबल आणि तारांचा एक संच सोबत आहे का? टटमार्क, हल आणि फेंडर यांच्यापुढे यातील काही प्रश्न आले होते, आणि त्यांच्या उत्तरांतून विसाव्या शतकाच्या संगीताचा तळस्वर बदलला.

२३/
फेंडरच्या अ‍ॅम्पची पुढची गोष्टही याच जातीची. बेससाठी बनलेला बासमन पुढे दहा इंची चार स्पीकरांसह आला आणि गिटारवाल्यांनी तो पळवला. त्याच्याच आराखड्यावरून लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये मार्शल अ‍ॅम्प जन्मला, ज्याच्या गर्जनेवर रॉक संगीत उभे राहिले. त्या गर्जनेपुढे ऐकू जाण्यासाठी बेसवाल्यांना पुन्हा मोठी खोकी वाहावी लागली. त्यांच्यासाठी केलेला उपाय असा फिरून त्यांच्याच खांद्यावर आला.