कवितेची मोजदाद

ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आला तो 1890च्या दशकात. केंब्रिजला तर 1917 उजाडले. भावी प्राथमिक शिक्षक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून परीक्षेसाठी इंग्रजी कविता वाचत होते. इंग्लंडमधल्या 1846च्या सरकारी योजनेनुसार तेरा वर्षांची मुलेमुली पाच वर्षे शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करत आणि हुशार असतील ती शिष्यवृत्तीवर प्रशिक्षण महाविद्यालयात जात. 1851 साली शाळातपासनीस झालेल्या कवी मॅथ्यू अर्नोल्डला पुढच्याच वर्षी या उमेदवारांची विसंगती खटकली. व्याकरण, भूगोल, सनावळ्या मुखोद्गत. पण साधा उतारा स्वतःच्या शब्दांत सांगताना अर्थाचा अनर्थ. चांगल्या लेखकांचे उतारे पाठ करवा, हा त्याने सुचवलेला उपाय. म्हणजे साहित्य इथे आले ते माहितीच्या अजीर्णावर औषध म्हणून. 1862च्या सरकारी शिक्षण-संहितेने शाळांचे अनुदान वाचन, लेखन आणि गणिताच्या निकालाला जखडले (मुंबई इलाख्यातही ही रीत पोचली) आणि अर्नोल्डने तिला जाहीर विरोध केला. तपासनिसाला मोजता येईल तेवढेच शिकवायचे म्हटल्यावर कवितेचे उरले काय? शब्दार्थ, पदान्वय आणि पाठ ओळींची संख्या. औषधाचेच अजीर्ण झाले.

पाठांतर तर अर्नोल्डनेच सुचवले होते, मग दोष व्यवस्थेचा कसा, असे कोणी विचारेल. पण पाठांतर आणि घोकंपट्टी एक नव्हे, हे ओव्या-अभंगांवर वाढलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. वारकरी अभंग म्हणतो तो गुणांसाठी नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कष्टकऱ्यांची पोरे वळणावर ठेवण्यासाठीच हे साहित्य शिक्षकांच्या हाती दिले. यात तथ्य आहे. इंग्रजीच्या अध्यापनाची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीच्या 1921च्या न्यूबोल्ट अहवालानेही समाजातले वर्ग सांधण्याची आशा साहित्याकडूनच धरली होती. तरीही एवढ्याने पदान्वयाचा उलगडा होत नाही. माणसे वळवायची तर कविता त्यांना निदान आवडायला हवी, आणि क्रियापदाचा कर्ता शोधता शोधता ती कोणाला आवडणार? वर्गातल्या त्या रुक्षपणामागे वर्गहितापेक्षा हिशेबाची वहीच जास्त दिसते. आणि ही वही सहज मिटली नाही. न्यूबोल्ट समितीने प्रत्येक शिक्षकाला इंग्रजीचा शिक्षक ठरवले. निकालावर अनुदान देण्याची पद्धत तोवर मोडीत निघून दोनेक दशके लोटली होती, पण 1890 साली त्या पद्धतीत तयार झालेला विशीतला शिक्षक 1921 साली पन्नाशीचा होता आणि अजून वर्गातच उभा होता.