नवसाचा बाजार

आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, लालबागला राहून गिरणीत काम करायचे. गावच्या पंधरा-वीस गड्यांची मिळून एक खोली, जेवण खाणावळीत. सुट्टीत मी गेलो की ते मला बाजारात न्यायचे आणि म्हणायचे, "हा बाजार नवसाचा आहे, बरं का."

त्याची हकीकत अशी. पेरू चाळीत पूर्वी बाजार भरायचा. १९३२ साली तो बंद झाला. कोळणी, भाजीवाले, लहान दुकानदार उघड्यावर आले. पावसात डोक्यावर छप्पर नाही, मासळीची पाटी समोर, आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. त्यांनी गणपतीला साकडं घातलं, आम्हाला हक्काची जागा मिळू दे. पण नवस बोलून कोणी घरी बसलं नाही. रोज पाटी मांडली. नगरसेवक कुंवरजी जेठाभाई शहा आणि भागातल्या जाणत्या माणसांनी खटपट केली. शेवटी जमीनमालक तय्यबअली यांनी जागा दिली. नवस कोळ्यांचा, खटपट शहांची, जागा तय्यबअलींची. १९३४ साली तिथं गणपती बसला. तोच आजचा लालबागचा राजा.

पुढं १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात तात्याही होते. त्या वर्षी त्यांनीही राजाला नवस बोलला. भोंगा काही पुन्हा वाजला नाही त्यांच्यासाठी. एक पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन ते गावी आले.

मी तेव्हा विशी ओलांडलेला. एकदा रागानं विचारलं, "कोळ्यांना पावला, तुम्हाला का नाही पावला?"

तात्या बांधावर दगड रचत होते. हात न थांबवता म्हणाले, "जागा मिळाली हे तुला दिसतं. त्याआधी दोन वर्षं ते पावसात बसले, ते दिसत नाही. देवानं त्यांना तेवढं बसवलं. मलाही बसवेल."

पडीक पडलेलं दीड एकर त्यांनी असंच दगड वेचून वेचून पिकाखाली आणलं. पहिल्या बाजरीची मूठभर कणसं त्यांनी राजाच्या तसबिरीपुढं ठेवली होती. ती तसबीर अजून आमच्या घरात आहे.