नदीचे काम टाकीत

नीरेच्या खोऱ्यात पाण्यात जे जे मिसळते, ते अखेर नरसिंहपूरच्या संगमावर भीमेला मिळते. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबजवळ साखर कारखाना वसवला. पुढे सहकारातून माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरची धुराडी उभी राहिली. साखरेबरोबर गोडसर सांडपाणी आले, मद्यार्काबरोबर मळीचे काळे पाणी आले. नदीतले जिवाणू ही साखर खातात. पण खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात.

या जिवाणूंना नदीबाहेर कामाला लावण्याच्या विद्येचा माग काढत आपण प्रथम मुंबईत पोहोचतो. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्येच मैलापाण्याच्या बंद टाकीतला वायू गोळा करून वापरला जात होता. पुढचे वळण मँचेस्टरचे. गिल्बर्ट फाउलर यांच्या प्रेरणेने आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात पुन्हा मिसळला. गाळात जिवाणूंची वस्ती टिकली आणि आठवड्यांचे काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. दोनच वर्षांनी फाउलर बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

१९७० च्या दशकात ही विद्या दोन अंगांनी वाढली. हॉलंडमध्ये लेटिंगा यांनी बीटसाखरेच्या सांडपाण्यावर हवेविना चालणारी, मिथेन देणारी उभी टाकी घडवली. दक्षिण आफ्रिकेत बार्नार्ड यांनी हवेचे आणि बिनहवेचे कप्पे जोडून नत्र व स्फुरद काढण्याची रीत बसवली. हे दोन्ही नदीत उरले, तर जलपर्णी फोफावते. नद्या जपण्यासाठी महाराष्ट्रात १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा तोवर आलेलाच होता.

आज कारखान्यांत मळीच्या पाण्यापासून वायू मिळतो. साखरेच्या सांडपाण्यात मात्र नत्र-स्फुरद मुळातच कमी, म्हणून जिवाणूंना युरिया आणि डीएपी मोजून द्यावे लागते. गाळप थांबले की त्यांची उपासमार होते, आणि नवा हंगाम सुरू होतो तेव्हा नीरेची धार बारीक होऊ लागलेली असते. म्हणून बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी शेणाचे विरजण घालून टाकी जिवंत करणे, हे मोळीपूजनाइतकेच अगत्याचे मानले पाहिजे. माणसाने नदीचे काम टाकीत आणले. टाकीत ते अर्धवट राहिले, तर उरलेले काम पुन्हा नदीच्याच वाट्याला येते.