मोंसूरीचें हवादप्तर

जुन्या दप्तराची योग्यता त्यांतील मजकुराप्रमाणेंच तो ज्या साधनानें टिपला गेला त्यावरहि अवलंबून असते. पॅरिस येथील मोंसूरी वेधशाळेच्या ओझोननोंदी या दृष्टीनें विचारांत घेण्याजोग्या आहेत.

शोनबाइननें १८४० च्या सुमारास ओझोन ओळखला व तो मोजण्यास आयोडाइड आणि पिष्ट लावलेला कागद प्रचारांत आणिला. ओझोननें हा कागद निळसर होई; पण हवेच्या दमटपणानेंहि त्याचा रंग पालटे, आणि रंगाची प्रत नुसत्या नजरेनें ठरवावयाची. अर्थात् असल्या नोंदींस बखरीहून अधिक मान देतां येत नाहीं. मोंसूरीस मात्र १८७६ ते १९१० पर्यंत आर्सेनाइटच्या द्रावणांतून हवा नेऊन रासायनिक मापन होत असे. १९८८ सालीं फोल्त्स व क्लाय यांनीं ती पद्धति तपासून, धुरांतील गंधकवायूमुळें येणारा दोष विचारांत घेऊन, त्या काळचें सरासरी प्रमाण अब्जांत सुमारें १० भाग ठरविलें. त्यावरून मध्य युरोपांतील ओझोन पुढें दुपटीहून अधिक वाढला असें निघालें.

परंतु २०१९ सालीं युंग व त्यांचे सहकारी यांनीं ध्रुवप्रदेशांतील बर्फांत कोंडलेली जुनी हवा तपासली. प्राणवायूच्या समस्थानिकांवरून १८५० नंतरची जागतिक वाढ त्यांस शेंकडा ४० हून कमी आढळली.

पहिला पुरावा एका स्थळाचा, दुसरा साऱ्या जगाचा. म्हणून एकानें दुसरा खोटा ठरत नाहीं. मोंसूरीचा कागद अस्सलच आहे. मात्र एका गांवच्या कागदावरून अवघ्या मुलुखाचा इतिहास लिहूं नये, इतकेंच यांतून सिद्ध होतें.